जयंतीच्या शिध्यातले पामतेल आणि रानातला माणूस

वारज्यात आमच्या वस्तीतील सातवीतली एक मुलगी परवा शाळेचा तक्ता घेऊन आमच्याकडे आली. तक्त्यावर तांबूस केसांच्या एका प्राण्याचे चित्र होते. लांबच लांब हात, कुशीत पिलू आणि डोळे मात्र अगदी माणसाचे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'ओरांगउटान वाचवा, पामतेल खाऊ नका!' मुलीने विचारले, "काका, जयंतीच्या शिध्यात आपल्याला पामतेलाची पिशवी मिळाली होती ना? मग यांना आपण मारलं का?" तिची आई महामार्गाच्या पुलाजवळ वडापावची गाडी लावते. ती शेजारीच बटाटे सोलत बसली होती. हातातले काम न थांबवता ती म्हणाली, "तुझ्या बाईंना म्हणावं, शेंगदाण्याच्या तेलाचा डबा आणून द्या. उद्यापासून पाम बंद करते."

आम्ही त्या वेळी हसलो. पण रात्री झोप आली नाही. मुलीचा प्रश्न खरा होता आणि आईचे उत्तरही खरे होते. मग खोटे काय होते? खोटे होते ते तक्त्यावरचे वाक्य. ते वाक्य मुलीने लिहिले नव्हते, ते तिला लिहून दिले गेले होते. गुन्हा दूरच्या बेटावर घडतो, नफा तिसराच कोणी खातो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते वारज्याची वडापाववाली! ही चलाखी आपण ओळखली पाहिजे. म्हणून आज या प्राण्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

हा प्राणी आपल्याला अगदीच परका आहे असे कोणी समजू नये. वारज्याहून महामार्गाने निघाले की कात्रज फार लांब नाही. तेथील राजीव गांधी प्राणीसंग्रहालयात बिन्नी नावाची एक ओरांगउटान मादी होती. २००३ साली तिला ओडिशातील भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणीसंग्रहालयात हलवण्यात आले. तिच्या अखेरच्या काळात देशातील प्राणीसंग्रहालयांत तिच्या प्रजातीचा दुसरा एकही प्राणी नव्हता. २९ मे २०१९ रोजी वयाच्या ४१ व्या वर्षी ती मरण पावली. एक अब्जाहून अधिक माणसांच्या या देशात ती एकटी होती. पिंजऱ्यासमोर गर्दी करून शेंगदाणे दाखवणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी विचारले असेल, की ही कोठली, हिचे रान कोठे आहे आणि ते आज शिल्लक आहे का?

मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे रान. ओरांगउटान म्हणजे रानातला माणूस. हे माकड नव्हे. याला शेपूट नसते. चिंपांझी आणि गोरिला यांच्याप्रमाणे हा मोठा कपी आहे आणि त्याची सुमारे ९७ टक्के जनुके आपल्याशी जुळतात. जगाच्या पाठीवर हा फक्त दोन बेटांवर उरला आहे. एक बोर्निओ आणि दुसरे सुमात्रा. त्याच्या तीन प्रजाती आहेत. तिसरी, तापानुली नावाची, शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये वेगळी म्हणून नोंदवली आणि नोंदवली तेव्हाच तिचे आठशेहून कमी प्राणी शिल्लक होते. नाव मिळाले त्याच दिवशी मरणपंथाला लागलेली! आज तिन्ही प्रजाती अतिसंकटग्रस्त यादीत आहेत.

या रानातल्या माणसाचे वागणे पाहिले म्हणजे आपण थक्क होतो. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदाच पिलाला जन्म देते आणि तेवढीच वर्षे ते पिलू आईजवळ राहते. कशासाठी? शिकण्यासाठी. रानात शेकडो प्रकारची झाडे असतात. कोणते फळ कोणत्या ऋतूत पिकते, कोणती साल सोलून खाता येते, कोणते पान टाळायचे, रोज संध्याकाळी उंच झाडावर फांद्या मोडून झोपण्याचे घरटे कसे विणायचे, पाऊस आला की मोठे पान डोक्यावर कसे धरायचे, हे सारे ते आईकडे पाहून शिकते. ही त्याची शाळा आहे. तिथे पुस्तक नाही, पण आई आहे आणि रान आहे.

सुमात्रातील सुआक या दलदलीच्या रानात नीसिया नावाचे एक फळ होते. त्याच्या आत टोचणारी कुसे असतात. तेथील ओरांगउटान काडी तोडून, तिची साल काढून, ती तोंडात धरून फळाच्या फटीतून बिया उकरतात. मोठ्या नदीच्या पलीकडच्या रानातही हेच झाड आहे, पण तेथील ओरांगउटानांना ही युक्ती माहीत नाही. रक्त तेच, हात तेच, फळ तेच. फरक फक्त शिकवणीचा! कारेल व्हान शाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा अनेक सवयींची नोंद करून ओरांगउटानांना संस्कृती असते असे मांडले. त्याच सुआकच्या रानात जून २०२२ मध्ये राकुस नावाच्या एका नराच्या गालावर जखम झाली होती. त्याने एका औषधी वेलीची पाने चावून त्यांचा रस आणि लगदा जखमेवर लावला. जखम चिघळली नाही, भरून आली. २०२४ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा साऱ्या जगाने तोंडात बोट घातले.

गुण आणि अवगुण जन्माने ठरतात, हे ज्यांनी शतकानुशतके आपल्या कानीकपाळी ओरडून सांगितले, त्यांनी हे नीट वाचावे. जन्माने नव्हे, संधीने आणि शिकवणीने शहाणपण येते, याची साक्ष आता रानातला कपीही देतो आहे.

पण या साऱ्याचा दुसरा अर्थ फार भयंकर आहे. ज्या प्राण्याला सात-आठ वर्षांनी एक पिलू होते, त्याच्यातील थोडेसे प्राणी मारले गेले तरी ती हानी पिढ्यान्‌पिढ्या भरून निघत नाही. पिलू पकडून विकायचे असेल तर आधी आईला मारावे लागते, कारण ती जिवंतपणी पिलू सोडत नाही. अनाथ पिलांना रानात परत सोडण्यासाठी मलेशियातील सेपिलोक येथे १९६४ पासून केंद्र चालते. तिथे माणसे त्या पिलांना झाडावर चढायला शिकवतात. जे आईने शिकवायचे ते पगारी माणसाने शिकवायचे, तेही वर्षानुवर्षे. १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत एकट्या बोर्निओतून एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातील पुष्कळ तर रान उभे असलेल्या भागातून गेले. तिथे त्यांना बंदुकीने आणि कोयत्याने मारले गेले. रान तुटले की भुकेला प्राणी मळ्यात उतरतो आणि मळ्यात उतरला की तो 'उपद्रवी' ठरतो. आधी घर काढून घ्यायचे आणि मग बेघर म्हणून शिक्षा करायची! ही रीत आपल्याला नवी आहे काय?

आता मुळाशी जाऊ. रान तोडले कोणी? आणि ते रान होते कोणाचे?

इंडोनेशियावर डचांचे राज्य होते. १८७० मध्ये त्यांनी जाव्हात फर्मान काढले, की ज्या जमिनीवर कोणाला मालकी सिद्ध करता येत नाही ती जमीन सरकारची. पुढे हेच तत्त्व इतर बेटांवरही पोचले. बोर्निओतील दयाक आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात फिरती शेती करत, फळझाडे जपत, वेत आणि डिंक गोळा करत, त्या रानाचा कागद त्यांच्याजवळ नव्हता. कागद नाही म्हणून रान नाही! आपल्याकडे इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी नेमके हेच केले. साहेब बदलला, समुद्र बदलला, युक्ती तीच. देश स्वतंत्र झाले तरी कायदा तसाच राहिला. १९६७ मध्ये सुहार्तोच्या राजवटीने नवा वन कायदा केला आणि रानांचे ठेके लाकूड कंपन्यांना आणि लष्करी बगलबच्च्यांना वाटले. मौल्यवान लाकूड संपले, मग त्याच जमिनीवर तेलमाडाचे मळे आले. १९९५ मध्ये मध्य कालिमंतानातील सुमारे दहा लाख हेक्टर दलदलीच्या रानात भातशेती करण्याचे फर्मान निघाले. कालवे खणून पाणी काढले, झाडे तोडली, भात मात्र पिकला नाही. वाळलेली दलदल १९९७-९८ मध्ये पेटली आणि धुराने शेजारचे देशही काळवंडले. २०१५ मध्ये पुन्हा तीच आग. त्या धुरात ओरांगउटान गुदमरले, दयाकांची मुलेही गुदमरली. ज्यांनी फर्मान काढले ते मात्र थंड हवेच्या खोलीत बसले होते.

म्हणून आमचे ठाम म्हणणे असे, की ओरांगउटानचा प्रश्न हा केवळ प्राणिप्रेमाचा प्रश्न नाही. तो जमिनीचा प्रश्न आहे. ज्या हाताने रानातल्या कपीचे झाड तोडले, त्याच हाताने रानातल्या माणसाचे हक्क तोडले.

आता त्या तेलाच्या पिशवीकडे येऊ. २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होते. २०२३ मध्ये हाच शिधा गुढीपाडवा आणि बाबासाहेबांची जयंती यांचे निमित्त सांगून सुमारे १ कोटी ६३ लाख कार्डधारकांसाठी जाहीर झाला. आमच्या बायाबापड्यांनी रांगेत उभे राहून तो घेतला. का घेऊ नये? गरिबाच्या कढईत तेल पडले तर कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. शिध्यात पामतेलच का? आपल्या मातीतले तेल का नाही?

याचे उत्तर इतिहासात आहे. १९८६ मध्ये केंद्राने तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू केले. भुईमूग, मोहरी, सोयाबीन, सूर्यफूल यांचे उत्पादन वाढले आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वावलंबी झाला होता. मग १९९४ पासून पामोलीनच्या आयातीचे दार उघडले आणि पुढे आयातशुल्कही वेळोवेळी खाली आणले गेले. स्वस्त तेलाचा लोंढा आला. मराठवाड्यातील, सोलापूरकडील करडई गेली, जवस गेले, कारळे गेले, गावोगावचे घाणे बंद पडले. कोरडवाहू शेतकरी, त्यातही आमचा अल्पभूधारक बहुजन शेतकरी, मोडून पडला. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. गेल्या काही वर्षांत दरवर्षी साधारण ७५ लाख ते १ कोटी टन पामतेल आपण आणतो. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश आपला आहे. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली तेव्हा भाव कसे भडकले होते ते वारज्यातल्या प्रत्येक वडापाववाल्याला आठवते. अवघ्या तीन आठवड्यांत कळून चुकले, की आपल्या कढईची दोरी कोणाच्या हातात आहे!

तेव्हा गरिबाने पामतेल निवडले असे म्हणणे हा कांगावा आहे. गरिबासमोर दुसरे काही ठेवलेच नाही. आणि पामतेल काय फक्त वडापावच्या कढईत असते? बिस्किटात आहे, चॉकलेटात आहे, साबणात आहे, शाम्पूत आहे. मोठमोठ्या सोसायट्यांतील न्हाणीघरांत ते दररोज वाहून जाते. पण तक्त्यावर शाम्पूची बाटली काढायला कोणी सांगत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नुसता बहिष्कार टाकून हे रान वाचणार नाही. तेलमाडाच्या एका हेक्टरमधून तीन-चार टन तेल निघते, सोयाबीनच्या हेक्टरमधून अर्ध्या टनाच्या आसपास. सारे जग उद्या पाम सोडून सोयाबीनकडे वळले तर त्यासाठी आणखी कितीतरी जमीन लागेल आणि दुसरे कुठलेतरी रान तुटेल. शिवाय इंडोनेशियातील सुमारे चाळीस टक्के पामलागवड लहान शेतकऱ्यांच्या हाती आहे. तीही पोटासाठी राबणारी माणसे आहेत. म्हणून दोष झाडाचा नाही. उभे रान तोडून, तिथल्या माणसाला न विचारता ते झाड लावण्याचा आहे. नवे रान तोडून काढलेले तेल आणि लोकांची जमीन बळकावून काढलेले तेल आम्ही घेणार नाही, असे सर्वात मोठ्या गिऱ्हाईकाने बजावले तर विकणाऱ्याला ऐकावे लागेल. ते गिऱ्हाईक म्हणजे वडापाववाली नव्हे. ते गिऱ्हाईक म्हणजे भारत सरकार आणि आयात करणाऱ्या बड्या कंपन्या. तक्ता त्यांच्या दारात लावा!

उलट आपल्याकडे काय चालले आहे? ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचे तेलमाड अभियान मंजूर केले. २०२५-२६ पर्यंत दहा लाख हेक्टरांचे लक्ष्य ठरवले आणि भर दिला तो ईशान्य भारतावर आणि अंदमान-निकोबारवर. ईशान्येत हुलॉक गिबन राहतो. भारताच्या रानात राहणारा कपी हा एवढाच. आसामातील होलोंगापार अभयारण्यात तो राहतो आणि त्या अभयारण्याचे रेल्वेमार्गाने दोन तुकडे केलेले आहेत. गिबन जमिनीवर सहसा उतरत नाही, झाडावरून झाडावर झोके घेत जातो. मध्ये फट पडली की त्याचे जग तिथे संपले. तेलमाडाच्या रांगांत तो जगू शकत नाही. त्या डोंगरांतील आदिवासींची सामुदायिक जमीनही सरकारी कागदावर सहज 'पडीक' ठरते. बोर्निओची गोष्ट आपल्या घरात पुन्हा लिहिली जाऊ द्यायची का?

हा 'पडीक' शब्द आपल्याला चांगला ठाऊक आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. हजारो माणसे, कडेवर मुले घेतलेल्या बाया तुरुंगात गेल्या. मागणी काय होती? पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. सरकारला जी जमीन पडीक दिसते तिच्यावर कोणाचे तरी पोट असते, हे आपल्या चळवळीने तेव्हाच सांगितले होते. पुढे २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू विकला आणि रानही राखले. आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्या लाखो कुटुंबांना रानाबाहेर काढण्याचा आदेश दिला. देशभर आवाज उठला तेव्हा पंधरवड्यात, २८ फेब्रुवारीला, त्याला स्थगिती मिळाली. तिकडे इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने मे २०१३ मध्ये निकाल दिला, की परंपरागत समाजांचे रान हे सरकारी रान नव्हे. दयाकांची लढाई आणि आपल्या भूमिहीनांची लढाई ही एकाच शेतातली दोन तासे आहेत.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतील, माणसाचे प्रश्न सुटले नाहीत आणि तुम्ही कपीचे काय घेऊन बसलात? त्यांचा राग आम्ही समजू शकतो. जनावराला गोंजारणारा आणि माणसाला विटाळणारा समाज आपण पाहिला आहे. अशा भूतदयेवर आमचाही विश्वास नाही. पण म्हणून करुणा त्यांच्या मालकीची कशी होईल? तथागतांची मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी होती. तिच्यात माणूस वगळलेला नव्हता आणि मुका जीवही वगळलेला नव्हता. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय म्हणून आपण सोडून दिला, तर त्यावर निर्णय तेच घेतील आणि त्याची किंमत मात्र आपण मोजू.

आमच्या वारज्याचेच पाहा. टेकडीवर स्मृतिवन उभे राहिले. उजाड डोंगरावर हजारो झाडे वाढली. ५ जून २०२० च्या पर्यावरणदिनी केंद्र सरकारने देशात दोनशे नगरवनांची योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून वारज्याचेच नाव घेतले गेले. चांगली गोष्ट आहे. सकाळी तिथे फिरायला आम्हीही जातो. पण चाळीस एकरांच्या त्या झाडीत उभे राहिल्यावर मनात येते, की झाडे लावता येतात, आईने पिलाला शिकवलेले रान लावता येत नाही. ते एकदा गेले की गेले. दोनशे नगरवनांच्या घोषणेने ईशान्येतील एक डोंगरही भरून निघत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रेशनवर आणि सणाच्या शिध्यात जे तेल द्याल ते कोठून आले, कोणाच्या जमिनीतून आले, हे पिशवीवर छापा. करडई, जवस, भुईमूग पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी करा आणि ते तेल गरिबाला परवडेल अशा भावाने रेशनवर द्या. ईशान्येत ग्रामसभेला विचारल्याशिवाय एकही तेलमाड लावू नका. आणि वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढा. रान राखायचे असेल तर रानात राहणाऱ्याच्या हाती कागद द्या.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हणालो, "बाळ, तू कोणाला मारलं नाहीस. तुझ्या आईनेही नाही. पण ज्यांनी मारलं त्यांना प्रश्न विचारायचं काम मात्र आपलं आहे." तिने तक्त्यावरचे 'पामतेल खाऊ नका' हे शब्द खोडले आणि त्याखाली लिहिले, 'हे रान कोणाचे होते?'

शाळेत तिला किती गुण मिळतील ते आम्हाला ठाऊक नाही. प्रश्न मात्र तिने बरोबर विचारला आहे. तो आता प्रत्येक वस्तीतून विचारला गेला पाहिजे.